कॉफीची चव : डोंगर, वाळवण आणि भाजणी

चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वराच्या देवळाभोवतालच्या गल्ल्यांतून पहाटे फिरणाऱ्यास तीन वास हमखास भेटतात : नुकत्याच शिंपडलेल्या अंगणाचा, मोगऱ्याच्या गजऱ्यांचा आणि भाजल्या जाणाऱ्या कॉफीचा. तिसरा वास ज्या दुकानातून येतो त्याची रचना अगदी साधी असते. मागे भाजणीचे फिरते पिंप, पुढे दळण्याचे यंत्र, आणि बाजूला गोणपाटाची चार-सहा पोती. गिऱ्हाईक येते आणि सवयीने सांगते, “अर्धा किलो. पीबी आणि ए निम्मेनिम्मे. चिकोरी वीस टक्के.” दुकानदार मान हलवितो, दाणे तोलतो, दळतो आणि गरम पुडी हातात ठेवतो. या व्यवहाराला दोन-तीन मिनिटेही लागत नाहीत.

परंतु या गिऱ्हाइकाने नेमके काय मागितले, याचा थोडा विचार करू. ‘पीबी’ हे ‘पीबेरी’ या नावाचे लघुरूप आहे. कॉफीच्या फळात सामान्यतः दोन बिया एकमेकींना चिकटून असतात व त्यामुळे त्यांची एक बाजू सपाट होते. कधी कधी दोहोंपैकी एकच बी वाढते. ती वाटाण्यासारखी गोल होते, आणि तिला हे नाव मिळते. ‘ए’ ही आकाराची प्रत होय : ६.६५ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर जे दाणे राहतात ते ‘ए’, ७.१० मिलिमीटरच्या चाळणीवर राहतात ते ‘एए’. म्हणजे गिऱ्हाइकाने दाण्याचा आकार सांगितला, घाट सांगितला, चिकोरीचे प्रमाणही सांगितले. पण तो दाणा कोणत्या डोंगरावर पिकला, कोणत्या जातीच्या झाडाला लागला आणि फळातून बी काढताना त्यावर काय संस्कार झाले, यांपैकी एकही गोष्ट सांगितली नाही. चव मात्र मुख्यतः या तीन गोष्टींवर ठरते. चाळणीला चव कळत नाही.

मग चव कोठून येते? हा प्रश्न केवळ चोखंदळ पिणाऱ्यांच्या हौसेचा नाही. दक्षिण भारतातील लहान मळेवाल्याचे वर्षाचे उत्पन्न पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते, हे पुढे दिसून येईल.

दोन जाती, एक कथा

कॉफीच्या वनस्पतिवंशात शंभराहून अधिक जाती आहेत. जगाच्या पेल्यात मात्र मुख्यतः दोनच उतरतात. एक अरेबिका, दुसरी रोबस्टा. अरेबिकाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, रोबस्टाच्या पेशीत २२. याचे कारण असे की, अरेबिका ही मुळात रोबस्टा आणि दुसरी एक आफ्रिकी जात यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मली. दोन्ही मातापित्यांची गुणसूत्रे तिने पूर्णपणे राखली. या अर्थाने रोबस्टा ही अरेबिकाची बहीण नसून तिच्या जन्मदात्यांपैकी एक आहे.

दोघींच्या बियांचे पृथक्करण केले असता फरक स्पष्ट होतो. अरेबिकात कॅफीन सुमारे १.२ टक्के असते, तर रोबस्टात सुमारे २.२ टक्के. साखर अरेबिकात अधिक, तेलही अधिक; रोबस्टात मात्र क्लोरोजेनिक आम्ले अधिक असतात. ही आम्ले भाजणीत तुटून कडवट व तुरट द्रव्ये तयार करतात. म्हणून अरेबिका सौम्य, सुगंधी व किंचित आंबटसर लागते. रोबस्टा जाड, कडू व दमदार लागते. कॅफीन हे झाडाच्या दृष्टीने कीटकांविरुद्धचे विष आहे. सखल, उष्ण प्रदेशात किडींचा उपद्रव मोठा असतो; तेथे टिकणाऱ्या रोबस्टाजवळ हे विष अधिक असावे यात नवल नाही.

अरेबिका भारतात कशी आली याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी संत मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरल्या, असे सांगतात. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला ‘बुंद’ म्हणत, हा शब्दही अरबीतूनच आपल्याकडे आला. सात हा आकडा कथेला शोभणारा आहे. पण तो खरा असो वा नसो, त्यात एक वैज्ञानिक सत्य दडले आहे. येमेनमधून जगभर गेलेली अरेबिका अगदी थोड्या झाडांची संतती आहे. शिवाय अरेबिकाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे एका मळ्यातील झाडे दुसऱ्या मळ्यातील झाडांपासून आनुवंशिक दृष्ट्या फारशी निराळी नसतात, आणि सर्वांचे शत्रूही तेच असतात.

या दुबळेपणाची परीक्षा १८६९ मध्ये झाली. त्या वर्षी सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर नारिंगी रंगाची भुकटी दिसू लागली. हा तांबेरा. थोड्याच काळात तो दक्षिण भारतातही पसरला. सिलोनमधील कॉफीचा धंदा पुढील दोन दशकांत बुडाला व तेथे चहा आला. भारतात कॉफी टिकली ती काही अंशी निवडीच्या बळावर. १९११ साली चिकमगळूरकडील दोड्डेनगुड्डा मळ्याचे मालक एल. पी. केंट यांना तांबेऱ्याला काहीसे दाद न देणारे एक झाड आढळले. त्याच्या संततीला ‘केंट’ हे नाव मिळाले. १९२५ मध्ये बाळेहोन्नूर येथे म्हैसूर संस्थानाचे कॉफी प्रयोगकेंद्र निघाले. त्या केंद्रात अरेबिका व लायबेरिका यांच्या नैसर्गिक संकरातून आलेल्या एका वाणाचा केंटशी संकर करण्यात आला, आणि १९४० च्या दशकात ‘एस. ७९५’ हा वाण मळेवाल्यांना मिळाला. पुष्कळ डोंगरांवर तो आजही उभा आहे. रोगप्रतिकारासाठी केलेल्या संकरांत चव बहुधा बिघडते, एस. ७९५ ने ती राखली, किंबहुना जुन्या मोखा कॉफीची आठवण देणारी चव दिली, म्हणूनच तो टिकला. पुढे आलेल्या काही वाणांना उत्पन्न अधिक होते. परंतु त्यांची चव तितकी नावाजली गेली नाही आणि काहींची प्रतिकारशक्तीही तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांपुढे ढळली.

उंचीचा गुण

चेन्नईपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर सेलमच्या पाठीशी शेवराय डोंगर आहे. त्यावर येरकाड हे गाव. येथे १८२० च्या दशकात सेलमचे कलेक्टर कॉकबर्न यांनी कॉफी लावली. दक्षिणेस कोडाइकनालच्या उतारांवर पळणी डोंगर, पश्चिमेस अनैमलै व निलगिरी. तमिळनाडूची कॉफी या चार ठिकाणची. देशाच्या उत्पादनात तिचा वाटा लहान आहे. सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकाची, आणि त्याखालोखाल केरळची. (महाराष्ट्रातही विदर्भातील चिखलदऱ्याला थोडी कॉफी पिकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.)

भारतात अरेबिका साधारण १,००० ते १,५०० मीटर उंचीवर लावतात, रोबस्टा त्याखाली ५०० ते १,००० मीटरवर. उंचीचा चवीशी संबंध काय? उंची स्वतः काही करीत नाही. करते ती थंडी. उंचावर रात्री गार असतात, फळ सावकाश पिकते, आणि बीला साखर, तेल व आम्ले साठविण्यास अधिक अवधी मिळतो. असा दाणा घट्ट व जड होतो. सखल भागात उष्णतेने फळ लवकर लाल होते, पण आतला दाणा तितका भरलेला नसतो. लाल रंग पाहून फसणे सोपे असते.

भारतीय मळ्यांचे एक वैशिष्ट्य म्हणजे सावली. ब्राझीलमध्ये कॉफी बहुतांशी उघड्या उन्हात वाढते. आपल्याकडे ती पांगारा, फणस, सिल्व्हर ओक यांच्या छायेखाली वाढते, आणि त्या झाडांवर मिऱ्याचे वेल चढविलेले असतात. सावलीमुळे पाने कमी तापतात व फळाची पक्वता लांबते, म्हणजे उंचीचेच काम काही अंशी सावली करते. पळणी डोंगरात कॉफीमध्ये संत्र्याची झाडेही लावतात. त्यावरून संत्र्याचा व मिऱ्याचा स्वाद मुळांवाटे कॉफीत उतरतो, असे मळेवाले अभिमानाने सांगतात. ही कल्पना मोहक आहे, पण तिला पुरेसा आधार नाही. शेजारच्या झाडाचे सुगंधी तेल जमिनीतून दुसऱ्या झाडाच्या बीत जाऊन बसण्याचा मार्ग वनस्पतिशास्त्राला दाखविता आलेला नाही. कॉफीत लिंबूवर्गी फळांची आठवण देणारी जी झाक असते ती तिच्या स्वतःच्या आम्लांची व भाजणीत निर्माण होणाऱ्या द्रव्यांची असते.

पावसाचे गणित मात्र खरोखर सूक्ष्म आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कोरड्याने सुप्त झालेल्या कळ्यांवर एक चांगली सर पडावी लागते. त्यानंतर नऊ-दहा दिवसांत सारा मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो व मोगऱ्यासारखा वास दरवळतो. एकाच सरीने सर्व फुले एकदम आली, तर फळेही एकदम पिकतात व वेचणी सुलभ होते. सरी तुटक पडल्या, तर एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल व काळी फळे सोबत दिसतात. मजुराला त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. मजुरी वाचविण्यासाठी सगळी फळे एकदम ओरबाडली, तर कच्च्या फळांचा तुरटपणा साऱ्या ढिगाला लागतो.

फळापासून दाण्यापर्यंत

आता आपण त्या टप्प्याशी आलो, जेथे चवीचे पुष्कळसे भवितव्य ठरते व जेथे एका रात्रीच्या हयगयीने वर्षाचे श्रम वाया जातात.

कॉफीच्या पिकल्या फळाची रचना अशी : बाहेर लाल साल, तिच्या आत गोडसर गर, मग बीला घट्ट धरून बसलेला बुळबुळीत थर, त्याखाली चर्मपत्रासारखे कडक टरफल, त्याखाली रुपेरी पापुद्रा, आणि सर्वांत आत हिरवट बी. या वेष्टनांतून बी कशी मोकळी करावयाची याच्या दोन प्राचीन रीती आहेत.

पहिली कोरडी रीत. फळे जशीच्या तशी उन्हात पसरावयाची, दिवसातून अनेकदा उलथावयाची, आणि दोन-तीन आठवड्यांनी साल काळी व ठिसूळ झाली म्हणजे कांडून बी काढावयाची. आपल्या बाजारात अशा मालाला ‘चेरी’ म्हणतात. दुसरी ओली रीत. फळे वेचली त्याच दिवशी यंत्रात घालून साल व गर काढतात. बुळबुळीत थरासह बिया टाक्यांत ठेवतात. तेथे सूक्ष्मजंतू तो थर पचवितात. मग बिया स्वच्छ धुऊन टरफलासह वाळवितात. अशा रीतीने केलेल्या अरेबिकाला भारतीय व्यापारात ‘प्लँटेशन’ म्हणतात, आणि रोबस्टाला ‘पार्चमेंट’. मैलापूरच्या पोत्यावर ‘प्लँटेशन ए’ असे लिहिलेले असते, त्यातला ‘प्लँटेशन’ हा शब्द मळ्याचे नाव नसून प्रक्रियेची खूण आहे, ही गोष्ट गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

टाकीतील किण्वन हे पाहण्यासारखे काम आहे. अरेबिकाला साधारणतः २४ ते ३६ तास लागतात. थंडी असेल तर अधिक. यीस्ट व दुग्धाम्ल निर्माण करणारे जंतू यांची झुंबड उडते, पेक्टिन विरघळू लागते आणि ढिगाची उष्णता वाढते. काम पुरे झाले की नाही हे ओळखण्यासाठी अनुभवी मुकादम ढिगात काठी खुपसतो व उपसून घेतो. काठीचे भोक तसेच उघडे राहिले, तर चिकटपणा गेला. ते बुजले, तर अजून वेळ आहे. मूठभर बिया पाण्यात चोळल्या असता वाळूच्या खड्यांसारखा करकर आवाज यावा लागतो. त्या क्षणी धुतले नाही, तर व्हिनेगरचा वास येऊ लागतो, आणि टाकीच्या सांदीत मागच्या दिवसाची एखादी बी राहून कुजली असेल, तर ती एकटी साऱ्या पोत्याची चव नासवू शकते. म्हणून चांगल्या मळ्यात टाक्या रोज घासल्या जातात.

ओल्या रीतीच्या कॉफीची चव स्वच्छ, आम्ल व नेटकी असते. कोरड्या रीतीची जाड, गोडसर व फळाच्या वासाची. याचे स्पष्टीकरण पूर्वी असे देत की, कोरड्या रीतीत गराची गोडी बीमध्ये मुरते. प्रत्यक्ष व्यवहार अधिक विलक्षण आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, टाकीतील बी ही मृत वस्तू नसते. गर निघताच ती अंकुरण्याच्या तयारीस लागते. अंकुरणासाठी तिला शक्ती हवी, आणि ती शक्ती ती आपल्या ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या शर्करांमधून घेते. म्हणून ओल्या रीतीच्या दाण्यात या शर्करा अगदी थोड्या उरतात, तर कोरड्या रीतीच्या दाण्यात पुष्कळ. आपण जिला प्रक्रिया म्हणतो ती काही अंशी बीचे स्वतःचे जगणेच असते, आणि वाळवण म्हणजे ते जगणे योग्य वेळी थांबविणे.

या दोहोंमधली एक तिसरी रीतही आता प्रचारात आली आहे. तीत साल काढतात पण चिकट थर राखून वाळवितात. त्या थराच्या मधासारख्या चिकटपणावरून तिला ‘हनी’ म्हणतात. मधाशी तिचा अन्य संबंध नाही.

वाळवण संपताना दाण्यात दहा-अकरा टक्के ओल राहावी लागते. अधिक राहिली तर बुरशी, फार कमी झाली तर दाणा फिका व ठिसूळ. येथेच शेवराय आणि पळणी डोंगरांतील शेतकऱ्याची खरी अडचण आहे. कर्नाटकात वेचणीच्या दिवसांत आकाश बहुधा निरभ्र असते. तमिळनाडूचा मोठा पाऊस मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्याच वेळी फळे पिकू लागतात. धुतलेल्या बिया अंगणात पसरल्या आहेत आणि बंगालच्या उपसागरावरून ढग चढून येतात. मग घरातली सगळी माणसे ताडपत्री घेऊन धावतात. सहा किलो ताज्या फळांपासून जेमतेम एक किलो दाणे मिळतात, हे ध्यानी घेतले म्हणजे भिजलेल्या एका पोत्यामागे किती फांद्यांची वेचणी गेली याची कल्पना येते. ज्याच्यापाशी टाक्या, पाणी व छपराखालची वाळवण नाही असा लहान शेतकरी बहुधा कोरडी रीतच पत्करतो, किंवा ताजी फळे तशीच विकून मोकळा होतो. त्याचा डोंगर उंच असतो, वाण चांगला असतो, पण शेवटच्या पंधरवड्यात चव हातची जाते.

पाऊस एरवी वैरी. एका ठिकाणी मात्र तो सहकारी झाला आहे. शिडाच्या जहाजांच्या काळी मंगळूरहून निघालेली कॉफी केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपात पोचण्यास महिनोन् महिने लागत. जहाजाच्या पोटातील दमट हवेने दाणे फुगून पिवळे पडत व त्यांची आम्लता मावळे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींनी प्रवास आखूड केला, तेव्हा ताजा हिरवा माल पोचू लागला. आणि काही गिऱ्हाइकांना, विशेषतः उत्तर युरोपातील, तो रुचेना! (तांबेरा आणि सुएझ यांचे वर्ष एकच असावे, हा इतिहासाचा एक योगायोग.) म्हणून किनाऱ्यावर जहाजाचीच नक्कल करण्यात आली. जून ते सप्टेंबर मंगळूरच्या हवेशीर गुदामांत कोरड्या रीतीचे दाणे वीतभर जाडीने पसरतात, वारंवार फिरवितात, सैल भरलेल्या पोत्यांत ठेवतात, पुन्हा ओततात. पावसाळी वाऱ्याने दाणे फुगून जवळजवळ दुप्पट होतात, रंग सोनेरी होतो. ‘मॉन्सून्ड मलबार’ ही कॉफी जगात अन्यत्र होत नाही, आणि तिला भौगोलिक निर्देशाचे संरक्षणही मिळाले आहे.

नाव पुसले गेले ते कसे

मग मैलापूरच्या दुकानातून डोंगराचे नाव का नाहीसे झाले? याला एक आर्थिक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद पडली आणि मळेवाले दिवाळखोरीच्या काठावर आले. १९४० मध्ये सरकारने मंडळ नेमले, १९४२ चा कॉफी कायदा झाला, आणि सर्व उत्पादकांनी आपला माल मंडळाच्या सामाईक साठ्यात घालावा अशी व्यवस्था झाली. या योजनेने धंदा वाचविला, हे निःसंशय. परंतु साठ्यात माल प्रतवारीने एकत्र होई. दाम आकार व वर्ग पाहून मिळे. येरकाडच्या एखाद्या मळेवाल्याने टाकीपाशी रात्र जागून काढली काय आणि न काढली काय, त्याचा दाणा शेजाऱ्याच्या दाण्यात मिसळूनच बाजारात जाई. १९९० च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली व उत्पादक आपला माल स्वतःच्या नावाने विकू लागला. २००२ पासून कॉफी मंडळ उत्तम चवीच्या कॉफीची स्पर्धाही घेऊ लागले. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व अराकू येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक निर्देश मिळाले. शेवराय आणि पळणी यांची नावे त्या यादीत नव्हती.

‘स्पेशॅल्टी कॉफी’ हा शब्द १९७४ मध्ये अमेरिकेत एर्ना क्नुत्सेन या व्यापारी महिलेने रूढ केला. विशिष्ट हवामानात वाढलेल्या कॉफीला विशिष्ट चव असते, एवढाच तिचा सांगावा होता. पुढे त्याला मोजमाप आले. शंभरपैकी ऐंशी अथवा अधिक गुण मिळविणारी ती स्पेशॅल्टी, असा दंडक दीर्घकाळ चालत आला. परीक्षणाची रीत अगदी साधी आहे : १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम जाडसर पूड, पाणी ९३ अंश सेंटिग्रेडच्या आसपास, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडून वास घ्यावयाचा, आणि थंड होत जाणारा द्राव आवाज करीत चमच्याने ओढून प्यावयाचा. दूध नाही, साखर नाही. चेन्नईच्या आजीबाईंना ही शिक्षाच वाटेल.

भट्टी आणि पितळी गाळणी

हिरव्या दाण्याला कॉफीचा वास नसतो. वाळल्या वाटाण्यासारखा वास असतो. पिंपात तो तापू लागला की प्रथम ओल उडते, रंग पिवळा होतो. पुढे शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात ब्राऊन रंग व सुवास निर्माण करणाऱ्या क्रिया सुरू होतात. भाकरीच्या पापुद्र्याचा खमंगपणा याच क्रियांचा. दोनशे अंशांच्या सुमारास आतील वाफेने दाणा तडकतो. लाहीसारखा आवाज येतो. दाण्याचे वजन सुमारे सहाव्या हिश्शाने घटते, आकार वाढतो. भाजलेल्या कॉफीत आठशेहून अधिक उडून जाणारी द्रव्ये आढळली आहेत. त्यांपैकी फर्फुरिल थायॉल हे गंधकयुक्त द्रव्य शोधण्याचे श्रेय राइखश्टाइन व श्टाउडिंगर यांना जाते. १९२० च्या दशकातील त्यांच्या कामातून ते उजेडात आले. पुढे दोघांनाही निराळ्या कामांसाठी नोबेल पारितोषिके मिळाली.

भाजणी हलकी ठेवली, तर डोंगराची आम्ले व फळांचे वास टिकतात. ती गडद केली, तर आम्ले जळतात, कडवटपणा वाढतो, आणि येरकाडचा दाणा कोणता व कूर्गचा कोणता हे ओळखणे कठीण होते. चेन्नईची परंपरा मध्यम-गडद भाजणीची आहे, कारण तेथील पेला निराळ्या हेतूने बनला. पितळी गाळणीत बारीक पूड दाबून वर उकळते पाणी ओततात. थेंब थेंब उतरलेला दाट द्राव भरपूर तापलेल्या दुधात मिसळतात. दुधातील प्रथिने तुरट द्रव्यांना बांधून टाकतात, म्हणून कडवट, जाड द्रावच दुधात उठून दिसतो. ए. आर. वेंकटाचलपती यांनी तमिळ समाजातील कॉफीचा इतिहास लिहिला आहे. पहाटेच्या नीरागारमची, म्हणजे रात्रभर आंबविलेल्या भाताच्या पाण्याची, जागा या पेयाने घेतली, तेव्हा केवढी ओरड झाली होती, हे त्यावरून कळते. एक आंबवण गेली आणि टाकीत आंबविलेली दुसरी आली, असे विनोदाने म्हणता येईल.

चिकोरी ही कॉफी नव्हे; एका निळ्या फुलाच्या झुडुपाचे भाजलेले मूळ होय. तीत कॅफीन नसते. तिच्यातील इन्युलिन भाजणीत करपून गडद रंग व गोडसर कडवटपणा देते. प्रमाणात घातली व सांगून विकली, तर ती भेसळ नाही. कायद्याने मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते व प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. तक्रार एवढीच की, चिकोरी प्रत्येक डोंगराला एकच आवाज देते.

शाळेत करता येतील असे दोन प्रयोग येथे देतो. काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन त्यावर चिमूटभर पूड अलगद टाकावी. कॉफी तेलामुळे तरंगत राहते. चिकोरी पाणी शोषून खाली बसू लागते व मागे तांबूस रेघा सोडते. दुसरा प्रयोग नाकाचा. दुकानदाराकडून चिकोरीविना दोन लहान पुड्या घ्याव्यात : एक प्लँटेशन अरेबिकाची, दुसरी रोबस्टा चेरीची, दोहोंची भाजणी सारखी. सारख्याच प्रमाणात, दुधाविना द्राव करून तो कोमट होऊ द्यावा. नाक चिमटीत धरून दोन्हींचा एकेक घोट घ्यावा. जिभेला फक्त कडू-आंबट यांचे कमीअधिक प्रमाण कळेल. घोट तोंडात असतानाच नाक सोडावे. घशामागून वास नाकात चढतो आणि दोन पेले एकाएकी दोन निरनिराळ्या वस्तू होतात. ज्या दुकानात शेवरायची कॉफी वेगळ्या पोत्यात ठेवतात तेथून तिसरी पुडीही आणावी.

अरेबिकाचा वाटा भारतात आता सुमारे तीस टक्क्यांवर आला आहे. खोड पोखरणारा पांढरा किडा हे त्याचे एक मोठे कारण. तो उघड्यावरच्या, ऊन लागणाऱ्या झाडांना अधिक छळतो, आणि किडलेले झाड उपटून जाळण्यावाचून फारसा इलाज उरत नाही. वाढत्या उन्हाने सावलीचे महत्त्व आणखी वाढले आहे. उपटलेल्या जागी पुन्हा अरेबिका लावावी की अधिक देणारी रोबस्टा, हा निर्णय शेवरायच्या शेतकऱ्याला दर पावसाळ्यापूर्वी घ्यावा लागतो. आणि मैलापूरच्या दुकानात त्याच्या पोत्याला वेगळा भाव मिळतो की ते ‘ए’ च्या ढिगात रिते होते, हे तो त्या वेळी हिशेबात धरतो.